खिशात मावणाऱ्या गेम सर्व्हरची कुळकथा

चार-सहा भिडू आपापल्या मोबाइलवर एकच डाव खेळतात तेव्हा डावाची खरी स्थिती एका ठिकाणी राखावी लागते. फासा किती पडला, सोंगटी कुठल्या घरात गेली, गोळी कोणाला लागली, याचा निवाडा करणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तो एरवी दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. पॉवरबँकवर चालणारा, दोन-तीन हजार रुपयांत उभा राहणारा सर्व्हर अलीकडचा. त्याचे एक मूळ खेळांत आहे, दुसरे वाय-फायच्या राउटरमध्ये.

पूर्वीच्या बऱ्याच जोडखेळांत निवाडा करणारा वेगळा नव्हता. १९८९ च्या गेम बॉयमध्ये दोन यंत्रे तारेने जोडत. १९९३ च्या ‘डूम’मध्ये प्रत्येक संगणक पूर्ण खेळ स्वतःच चालवी आणि खेळाडूच्या हालचालींची खबर तेवढी इतरांना देई, एक संगणक रेंगाळला की सगळेच खोळंबत. १९९६ च्या ‘क्वेक’ने निवाड्याचे काम सर्व्हरकडे सोपवले. हातातल्या यंत्रांत बिनतारी जोडखेळ उशिरा आला. नोकिया ६११० वर १९९७ मध्ये दोघांना इन्फ्रारेडने ‘स्नेक’ खेळता येई. २००४ च्या निंटेंडो डीएस आणि सोनी पीएसपीमध्ये वाय-फाय आले. महाराष्ट्रातल्या कॉलेज-हॉस्टेलांत हा प्रकार रुजला तो ‘मिनी मिलिशिया’ या नेमबाजीच्या खेळामुळे: एकाने हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीच्यांनी जोडायचे, डेटा खर्च होत नाही.

यात सर्व्हरचा सगळा भार यजमानाच्या फोनवर पडतो. त्याची बॅटरी भराभर उतरते, फोन आला की डाव अडतो आणि तो उठून गेला की मोडतोच. शिवाय निवाडा त्याच्याच हातात असल्याने त्याला स्वतःची चाल क्षणभरही उशिरा दिसत नाही. नेमबाजीच्या खेळात हा सरळ अन्याय आहे. निवाड्यासाठी वेगळी डबी हवी, ही गरज इथून निघाली.

डबी आली राउटरच्या घराण्यातून. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स वापरले होते. त्याचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला करावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. राउटर हाही एक छोटा संगणकच, हे त्यामुळे हौशी मंडळींच्या हाती आले. २०११ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डेव्हिड डार्ट्‌स यांनी ‘पायरेटबॉक्स’ केला: वाय-फाय आहे, इंटरनेट नाही, आसपासच्या लोकांनी आपसांत फायली द्याव्या-घ्याव्यात. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला आणि २०१७ मध्ये त्याचीच वाय-फायसह दहा डॉलरची झीरो डब्ल्यू ही आवृत्ती. भारतात वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त असल्याने अशी डबी चालवायला वेगळी परवानगी लागत नाही.

पालघर जिल्ह्याचा राउटरच्या या दुसऱ्या घराण्याशी जवळचा संबंध आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने खामलोलीच्या परिसरात टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून गावांना जोडण्याचा प्रयोग केला. प्राध्यापक अभय करंदीकर त्याचे प्रमुख होते. २०१७ मध्ये प्रकल्पाला मोझिलाचे ‘इक्वल रेटिंग’ पारितोषिक मिळाले. तो काही खेळांसाठी नव्हता. पण बाहेरच्या जगाशी जोडणी आणि गावातल्या गावात जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून नीट कळते. खेळाच्या डबीला फक्त दुसरी पुरते.

याच जिल्ह्यातल्या बोईसरकरांना हा फरक लोकलमध्ये सहज पटेल. २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणूपर्यंत आली. बोईसरहून उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा करत विरार गाठेपर्यंत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. ऑनलाइन डाव मध्येच थिजतो. डबी त्याच डब्यात, बॅगेत असेल तर गाडी कितीही धावो, फोन आणि सर्व्हर यांतले अंतर दोन-चार हातच राहते.

डबीचे काम तसे हलके आहे. प्रत्येक भिडूची जागा आणि दिशा पन्नास बाइटांत मावते. सेकंदाला वीस वेळा आठ जणांची माहिती आठ जणांना पाठवली तरी साधारण अर्धा मेगाबिट होतो. झीरो डब्ल्यू वॅट-सव्वा वॅट खातो, म्हणजे १०,००० एमएएचची पॉवरबँक जवळपास दिवसभर पुरते. लुडो किंवा पत्ते ब्राउझरमध्येच चालतात, कारण २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटमुळे वेगळे ॲप टाकावे लागत नाही. वेबसॉकेटमध्ये एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा येईपर्यंत पुढची थांबतात; नेमबाजीला ते परवडत नाही, तिथे हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी यूडीपी पद्धत लागते.

खरी अडचण फोनच्या स्वभावाची. वाय-फायला जोडताच अँड्रॉइड फोन ठरावीक पत्त्यावर हाक मारून इंटरनेट आहे का ते तपासतो. उत्तर आले नाही तर तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि भिडू डावातून गळतो. म्हणून जोडताना येणाऱ्या सूचनेत ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा लागतो. दुसरी खबरदारी मेमरी कार्डाची. पॉवरबँकची वायर अचानक निघाली तर लिहिले जात असलेले कार्ड बिघडते. त्यामुळे मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशी ठेवतात, चालू डाव तात्पुरत्या मेमरीत राखतात आणि गुण तेवढे डाव संपल्यावर कार्डावर उतरवतात.