परगावच्या विद्यार्थ्याची खोली



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत शिक्षणावर एक तरी लेख असावा, हा आपल्याकडचा रिवाजच झाला आहे. बहुतेक वेळा त्यात 'शिका' हा संदेश असतो आणि तो योग्यच आहे. पण या वेळी आम्हाला जरा वेगळ्या बाजूने लिहावेसे वाटले. शिकण्यासाठी घर सोडून जे लेकरू बाहेर पडते, ते रात्री झोपते कुठं? प्रवेश मिळाला, फी भरली, पुस्तकं घेतली. पण खोली कोण देतो? नांदेडला आणि लातूरला बाहेरगावची पोरं येतात, काही तर थेट दुसऱ्या देशातून येतात. विद्यापीठात त्यांच्यासाठी सांस्कृतिक कार्यक्रम होतात, फेटे बांधून फोटो निघतात. चांगलंच आहे. मात्र कार्यक्रम संपल्यावर ते लेकरू कोणाच्या घरी परतते, यावरून आम्ही त्या गावाची परीक्षा करू. इतिहासात डोकावले तर ही परीक्षा फार जुनी दिसते.

बुद्धगयेपासूनच सुरुवात करू. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला. त्याने तिथली एक हकिकत लिहून ठेवली आहे. सिंहल देशाच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, राजाचा भाऊ भिक्खू होऊन भारतातली पवित्र स्थळे पाहायला आला. पण ज्या ज्या विहारात तो गेला तिथे 'हा सीमेपलीकडचा' म्हणून त्याला तुच्छतेने वागवले गेले. लक्षात घ्या, हे विहार आपलेच होते. परत जाऊन त्याने राजाला आपले दुःख सांगितले. राजाने भारताच्या राजाकडे मौल्यवान रत्ने पाठवली आणि आपल्या देशाच्या भिक्खूंसाठी बुद्धगयेला एक विहार बांधायची परवानगी मिळवली. इतिहासकारांच्या मते हा राजा मेघवर्ण आणि इकडचा सम्राट समुद्रगुप्त, म्हणजे काळ चौथ्या शतकाचा. ह्युएन त्संगाने पाहिला तेव्हा त्या विहारात हजाराच्या आसपास भिक्खू राहत होते. अपमानातून उभे राहिलेले परदेशी विद्यार्थ्यांचे वसतिगृहच म्हणा ना!

नालंदाची गोष्ट निराळी. तिथे दारावरच प्रश्न विचारत आणि दहा जणांतल्या सात-आठांना परत फिरावे लागे. पण आत घेतलेल्याची सोय मात्र चोख होती. ह्युएन त्संगाला तिथे रोज १२० जांभीर फळे, २० सुपाऱ्या, थोडा कापूर आणि महाशाली नावाचा मोठ्या दाण्याचा तांदूळ मिळत असे, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. सुपारीचा हिशोबसुद्धा लिहून ठेवणारी माणसं होती ती! हा खर्च चालावा म्हणून राजांनी गावेच्या गावे नालंदाला तोडून दिली होती. पुढे नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडचा, राजा बालपुत्रदेव याने नालंदात एक विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने त्यासाठी पाच गावांचे उत्पन्न दिले. तो ताम्रपट नालंदाच्या उत्खननात सापडला आहे. इमारत परदेशी राजाची, पोटापाण्याची तजवीज इथल्या राजाची. आजच्या भाषेत त्याला दोन देशांमधला करार म्हणतील.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. आपला भाग निजामाच्या राज्यात. त्या राज्यात पहिले विद्यापीठ निघाले ते १९१८ साली हैदराबादला, उस्मानिया. शिकवण्याची भाषा उर्दू. इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण देणे ही त्या काळात मोठीच गोष्ट होती, ती नाकारायची नाही. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेही काढले होते. पण नांदेडच्या मराठी, वरंगळच्या तेलुगू आणि गुलबर्ग्याच्या कन्नड पोराला घरची भाषा बाहेर ठेवूनच वर्गात शिरावे लागे. १९३८ साली तिथल्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून वाद पेटला आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना जागा दिली ती नागपूर विद्यापीठाने. परक्या राज्यातली, काढून टाकलेली पोरं. त्यांना दार उघडणे सोपे नव्हते. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच पोरांपैकी एक.

या सगळ्यात आपल्या समाजाचे लेकरू कुठं होते? बहुतेक शाळेच्या बाहेरच. म्हणून परदेशी शिक्षणाची आपली कथा हैदराबादहून सुरू होत नाही, ती न्यूयॉर्कहून सुरू होते.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले, वय २२. बडोद्याचे सयाजीराव महाराज महिन्याला साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती देत होते. पहिले काही दिवस ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहात राहिले, पण तिथले जेवण जमेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लबच्या जागेत गेले, तिथे आणखी भारतीय विद्यार्थी राहत होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली मिळाली आणि खोलीतला जोडीदार मिळाला नवल भथेना, मुंबईचा पारशी. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनला परत जायला पैसे कमी पडले तेव्हा भथेनांनीच मदत केली.

त्या तीन वर्षांत बाबासाहेबांनी काय शिकावे? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा एकेक. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात. हे प्राध्यापक स्वतः कीव्ह शहरात जन्मलेले, बाहेरून येऊन अमेरिकेत स्थिरावलेले. म्हणजे शिकवणारा परका, शिकणारा परका आणि विषय आपल्या गावकुसाचा! अमेरिका काही स्वर्ग नव्हती. काळ्या लोकांचे तिथे काय हाल होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या आवारात बाबासाहेबांना जात विचारून कोणी खोली नाकारली नाही, एवढे खरे.

आणि मग १९१७ साली तेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाचे एम. ए., पीएच. डी. चा प्रबंध लिहिलेला, लंडनमध्ये शिकून आलेले. आणि शहरात राहायला जागा नाही. शेवटी नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मागितला. दोघांनीही कारणे सांगितली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले आहे. आम्ही फक्त एक गोष्ट शेजारी ठेवतो. न्यूयॉर्कचा जोडीदार पारशी होता आणि बडोद्याच्या धर्मशाळेतून काढणारेही पारशीच होते. तेव्हा दोष कुठल्या एका धर्माच्या माथी मारून भागत नाही. विद्यापीठाच्या आवारात दोन परकी पोरं एका खोलीत राहिली म्हणून माणूस म्हणून भेटली. बडोद्यात तशी सोयच नव्हती.

आमच्या मते बाबासाहेबांच्या पुढच्या कामात वसतिगृहांना जे महत्त्व आहे, ते याच अनुभवातून आले. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले ते सोलापूरला, आपल्या लातूरच्या शेजारी. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये स्थापन झाली. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. नाव काय दिले? मिलिंद. हा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, आजच्या पाकिस्तानातले सियालकोट, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. भिक्खू नागसेनाशी त्याने प्रश्नोत्तरे केली आणि उत्तर पटल्यावर मोकळेपणाने मान्य केले. मराठवाड्यातल्या कॉलेजला परदेशी राजाचे नाव आणि त्या परिसराला त्याच्याशी वाद घालणाऱ्या भिक्खूचे नाव, नागसेनवन. देणगीदाराचे, पुढाऱ्याचे नाव देता आले असते की! नांदेड, लातूर, परभणीकडच्या खेड्यांतली पोरं एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात उतरली. त्यातून प्राध्यापक, अधिकारी, लेखक निघाले. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी जे तिथे राहिले ते वर्गापेक्षा वसतिगृहाच्याच गोष्टी जास्त सांगतात.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि पुढे आपल्या नांदेड-परभणीकडच्या वस्त्यांवर काय गुदरले ते सांगायची गरज नाही. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे याच जिल्ह्यातले. नोव्हेंबर १९९३ मध्ये आत्मदहन केलेले गौतम वाघमारे नांदेडचेच. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली, हे त्याचे क्षेत्र. नावासाठी माणसं जाळली गेली ती विद्यापीठाच्या पाटीसाठी नव्हे. त्या पाटीखाली आपण बसू शकतो की नाही, हा सवाल होता.

विष्णुपुरीच्या त्या आवारात आता कोण कोण बसते? देगलूर-बिलोलीकडचा तेलुगू बोलणारा, उदगीरचा कन्नड-उर्दू दोन्ही बोलणारा, किनवटचा गोंड, तांड्यावरचा बंजारा, गुरुद्वाऱ्याच्या बाजूचा शीख. हे सगळे आपल्याच दोन जिल्ह्यांतले. त्याशिवाय येमेन-इराककडचे संशोधकही इथे राहून काम करून गेले. येमेनमध्ये २०१५ पासून युद्ध पेटले. घरून पैसे येणे बंद, परतायला वाट नाही, असे दिवस भारतात शिकणाऱ्या अनेक येमेनी विद्यार्थ्यांनी काढले. दुसऱ्या बाजूने आपली पोरंही बाहेर जातात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिच्यातून अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी विद्यापीठात जाता येते. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे स्मारक चालवायला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली होती, ती २०२० साली निकाली निघाली. भाड्याच्या खोलीत राहिलेल्या विद्यार्थ्याचे घर आज लोक रांग लावून पाहतात.

आणि नांदेड-लातूरला आजही खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारतात. आम्हाला विचारले आहे, आमच्या पोरांना विचारतात. आडनाव कळल्यावर 'कालच दिली बघा' हे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण एक कडू गोष्ट लिहायची आहे. आपल्या वस्तीतही आता दोन-तीन मजली घरे झाली, वरच्या खोल्या भाड्याने जातात. तिथे मुसलमान पोरगा आला, बाहेरच्या देशाचा आला, ईशान्येकडची मुलगी आली, की आपल्यातलेही काही 'घरात विचारून सांगतो' म्हणतात. बुद्धगयेतल्या त्या सिंहली भिक्खूला जे ऐकावे लागले, त्याच जातीचे हे उत्तर आहे.

विहाराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. सध्या तिथे खुर्च्या, मंडपाचे सामान आणि जयंतीचे जुने फलक पडून आहेत. त्या रिकाम्या करून बाहेरगावच्या चार विद्यार्थ्यांना नाममात्र भाड्याने द्याव्यात, धर्म-जात-देश न विचारता, अशी सूचना आम्ही विहार कमिटीपुढे मांडली आहे. काहींची हरकत आहे. आपल्याच समाजाच्या पोरांना आधी द्या, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. एक खोली आपल्यासाठी, एक खोली कोणासाठीही, असा मधला मार्ग माय-माऊल्यांनी सुचवला आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याच्या आत सामान हलवावे लागेल, लाईटचे मीटर वेगळे घ्यावे लागेल आणि न्हाणीघराच्या गळक्या छताला पत्रा टाकावा लागेल. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर बैठक आहे, घरटी एकाने तरी थांबावे.