भीमेची सांगड आणि डोलकाठीवरचा भोपळा

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु भीमा आहे आणि तिच्यावर उजनीचा अफाट जलाशय आहे. २१ मे २०२४ च्या सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी तेथे वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी सहा जीव गेले. होडी दुसऱ्या दिवशी तळाशी सापडली. होडी कलंडू नये याची चिंता सर्वच करतात. कलंडल्यावर ती पार पालथी होऊ नये, हा विचार मात्र विरळा. त्याचाच इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

शिडाची लहान होडी प्रथम कुशीवर पडते आणि शीड पाण्यावर पसरते. तेवढ्यात आवरली तर एकटा माणूसही तिला उभी करू शकतो. डोलकाठी खाली जाऊन तळ आकाशाकडे झाला, की तेच शीड पाणी धरून ठेवते आणि खाली सापडलेल्याची सुटका अवघड होते.

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून लोक नदी उतरत. कोकणातील कोळ्यांनी होडीच्या एका बाजूस, काही अंतरावर, उलांडी जोडली. हा तरंगता ओंडका होडी त्याच्याकडे झुकली तर तिला वर रेटतो, विरुद्ध झुकली तर आपल्या भाराने खाली ओढतो.

इंग्लंडात १७८९ साली टाईन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ जहाज किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत फुटले. त्यानंतर जीवरक्षक होडीसाठी स्पर्धा झाली. साऊथ शील्ड्सच्या सेंट हिल्डा चर्चचे कारकून विल्यम वुडहेव्ह यांनी आपोआप सुलटी होणारी प्रतिकृती सादर केली. परंतु त्यांना पूर्ण बक्षीस मिळाले नाही. १८५१ साली जेम्स बीचिंग यांच्या स्वतः सुलटणाऱ्या होडीला पारितोषिक लाभले, तेव्हा ती कल्पना मान्य झाली.

आजच्या लहान शिडाच्या होड्यांत काही ठिकाणी डोलकाठीच्या शेंड्यावर हवाबंद पोकळ गोळा बसवितात. सहा मीटर उंचीवरचा दहा लिटरचा गोळा, होडी आडवी पडताच, साठ किलोच्या माणसाने एक मीटर अंतरावर उभे राहून दिलेल्या जोराइतका आधार देतो. सांगडीतला भोपळाच जणू डोलकाठीवर चढला!

उजनीच्या प्रवासी होडीला डोलकाठी नसते. तरी बाकांखाली हवाबंद पेट्या आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असू शकते. मात्र ही तजवीज होडी किनारा सोडण्यापूर्वीच व्हावयास हवी.