लेकरासाठी कुत्रं: काकती ते मुधोळ

बेळगावच्या उत्तरेला पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेले काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव. इथून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच अंगणात बोलल्या जातात. तेच जनावर एका तोंडी ‘कुत्रं’ असते आणि दुसऱ्या तोंडी ‘नायी’. या भागात दारात कुत्रे असणे फार जुने आहे. मुलासाठी म्हणून कुत्रे निवडून आणण्याची रीत मात्र अलीकडची.

पूर्वी कुत्रे निवडले जाई ते कामासाठी. निपाणी, चिकोडी, अथणीकडचे धनगर मेंढरे घेऊन फिरत आणि खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवत. रात्री लांडग्यापासून राखण कुत्र्यांवर असे. तळावर कुत्री व्याली की एखादे पिल्लू शेतकऱ्याकडे राही. ते निवडण्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. मानेच्या कातडीला धरून पिल्लू उचलायचे. केकाटले नाही तर ते तिखट निघणार. टाळू काळी आहे का ते बघायचे, नखे मोजायची. कुत्र्याला साधारणपणे 18 नखे असतात. मागच्या पायांना एकेक जादा नख असले की ते ‘वीसनखी’, आणि त्याला मान मोठा. या खुणांचा स्वभावाशी काही संबंध नाही. पण त्या निवडीत एक गोष्ट नकळत बरोबर घडत होती, ती पुढे येईल.

याच मुलखातली खरी जातिवंत परंपरा मुधोळची. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. तिथले बेरड शिकारीसाठी लांब पायांची, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री पाळत. हे तेच बेरड, ज्यांनी 1857 मध्ये मुधोळजवळच्या हलगलीत इंग्रजांच्या शस्त्रबंदीविरुद्ध उठाव केला. राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची निगुतीने पैदास करवली आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले असे सांगतात. महाराष्ट्रात हेच कुत्रे ‘कारवानी’ म्हणून ओळखले जाते आणि कान-शेपटीला लांब केस असलेल्याला ‘पश्मी’ म्हणतात. त्याच्या बरगड्या मोजता येतात. पाहुण्याला ते उपाशी वाटते, पण ती त्याची ठेवणच आहे.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले, राजाश्रय गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि या कुत्र्याचे मूळ कामच संपले. शेताची राखण तेवढी उरली.

शहरी घरांत कुत्रे घेताना एक गोष्ट आड येत होती, ती म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याची धास्ती. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केलेली मेंढीच्या मेंदूपासूनची लस जवळजवळ शतकभर भारतात वापरली गेली. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द ज्यांनी लहानपणी ऐकले, त्यांना ती भीती समजावून सांगावी लागत नाही. ही लस बंद झाली ती 2005 च्या सुमारास. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार रेबीजने दगावणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालची मुले असतात. म्हणून आईबापांची भीती खोटी नव्हती. मात्र तिचा रोख गल्लीतल्या कुत्र्यावर गेला आणि विकतचे विलायती कुत्रे निर्धोक वाटू लागले. खरे तर लस न टोचलेले कुठलेही कुत्रे सारखेच धोक्याचे.

मग मुलांचा हट्ट पडद्यावरून ठरू लागला. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’ मधल्या टफीने पांढऱ्या, झुबकेदार ‘पॉमेरियन’ला घरोघरी नेले. 2003 मध्ये हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागेमागे चालणारे पग आले आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या या जातीला धाप लवकर लागते. उन्हाळ्यात तिचे हाल होतात. मुलाला सोबती हवा असतो तो अंगणात पळणारा. तिथे दहा पावलांवर धापा टाकणारे कुत्रे आणणे हा त्या जिवावर अन्यायच होता.

दरम्यान मुधोळ हाउंडला पुन्हा चांगले दिवस आले. टपाल खात्याने 2005 मध्ये त्याच्यावर तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. तिथली पिल्ले 2016 मध्ये लष्कराच्या मेरठ केंद्रात प्रशिक्षणाला गेली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचे नाव घेतले. पण अभिमान म्हणून हे कुत्रे बंद सदनिकेत आणणे चूक आहे. त्याला रोज मोकळे पळायला लागते, आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. मळ्यावरच्या घरात, पिल्लूपणापासून मुलांत वाढले तर ते जीव लावते.

इथे धनगरांच्या तळाकडे परत यावे लागते. अमेरिकेतले संशोधक स्कॉट आणि फुलर यांनी 1965 च्या ग्रंथात दाखवून दिले की तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्यांच्यात वावरते, त्यांना ते आपले मानते. तळावरचे पिल्लू याच वयात पोरांच्या मांडीवर, आईच्या नजरेखाली आणि भावंडांत वाढत असे. टाळू आणि नखे निरुपयोगी होती. खरा गुण होता तो या वाढीचा. पिंजऱ्यातून विकल्या जाणाऱ्या पिल्लाला नेमके हेच मिळत नाही. म्हणूनच त्याची जात कितीही उंची असली तरी ते मुलाच्या हाताला बिचकते.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. घेणाऱ्यानेही तेवढे थांबावे, पिल्लाची आई डोळ्यांनी पाहून यावे, आणि ते तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी.