इंजिनाचा उच्छ्वास

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी सकाळी एका मित्राचा फोन आला. मूळचा सांगलीचा, आपण त्याला बंडू म्हणू. "अरे, गाडीने डिपस्टिक बाहेर फेकली! बॉनेटखाली सगळं ऑइल ऑइल झालंय. इंजिन गेलं का रे?"

आता मिशिगनमधला जानेवारी म्हणजे काय, हे इथे एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. बाहेर उणे पंधरा. मी दोन जॅकेटं चढवून त्याच्या गराजमध्ये पोचलो. (इंजिनांवर संशोधन करणाऱ्या माणसाला मित्र रविवारी का फोन करतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

बंडूची गाडी जुनी, टर्बोवाली, आणि हौसेने बूस्ट वाढवलेली. दोनच महिन्यांपूर्वी त्याने तिला 'कॅच कॅन' बसवला होता. तुम्ही म्हणाल, हे काय नवीन? सांगतो.

पेट्रोल जळतं ते पिस्टनच्या वर. पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, क्रॅंककेसमध्ये निसटतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. तो फार वाढला की आपल्याकडचे मिस्त्री "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात, तेच हे. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि ऑइलचे बारीक थेंब असतात. हा वायू बाहेर पडला नाही तर आत दाब वाढतो आणि इंजिनातली सगळ्यात दुबळी जागा शोधून फुटतो. कधी ऑइल सील, कधी डिपस्टिक. थोडक्यात, इंजिनालाही उच्छ्वास टाकावाच लागतो.

आजच्या गाड्यांत हा उच्छ्वास पीसीव्ही नावाच्या झडपेतून इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो आणि पुन्हा जाळला जातो. टर्बोच्या गाडीत बूस्ट चढला की मॅनिफोल्डमध्येच दाब येतो, ती वाट बंद होते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. बूस्ट वाढवला की ब्लो-बायही वाढतो आणि ऑइल इंटरकूलरमध्ये साचायला लागतं. म्हणून हौशी लोक मध्ये तांब्याएवढा एक डबा बसवतात. ऑइल डब्यात राहतं, वायू पुढे जातो. मूळ कल्पना शर्यतींतली. ट्रॅकवर ऑइल सांडलं तर मागचा घसरून जीवानिशी जायचा! म्हणून एफआयएच्या नियमांत ब्रीदर उघडा असेल तर दोन हजार सीसीपर्यंत २ लिटरची आणि त्यावर ३ लिटरची टाकी सक्तीची आहे.

बंडूने दोन्ही नळ्या एकाच डब्यात आणल्या होत्या आणि डबा बसवला होता पुढे, रेडिएटरच्या बाजूला, गार वाऱ्यात. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं डब्यात आलं, ऑइलमध्ये घुसळलं गेलं, लोण्यासारखा पिवळट गोळा झाला आणि रात्रीत गोठला. दोन्ही वाटा बंद. इंजिन गेलं नव्हतं, त्याचा फक्त श्वास कोंडला होता.

"एवढंच ना?" बंडू खूष झाला. "मग डब्याची पुढची नळी काढून टाकू आणि एक छोटा फिल्टर लावून डबा उघडाच ठेवू. जाऊ दे वायू हवेत. एवढ्याशा धुराने काय होतंय?"

हे वाक्य ओळखीचं वाटलं. मग आठवलं, सत्तर वर्षांपूर्वी ते इथूनच, डेट्रॉइटजवळून निघालं होतं.

२६ जुलै १९४३ला लॉस एंजेलिसवर असा काही धूर उतरला की लोकांना जपान्यांनी विषारी वायू सोडल्याची शंका आली. संशय गेला एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर. तो बंद केला तरी धुकं हटेना. कोडं सोडवलं कॅलटेकच्या आरी हागेन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस अननसाचा वास कशाने येतो ते शोधत होता! त्याच कौशल्याने त्याने पासाडेनाची हवा तपासली आणि १९५२पर्यंत दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. ताणलेल्या रबराला त्या हवेत तडे जायचे. म्हणजे दोषी निघाली मोटारगाडी.

तेव्हाच्या गाड्यांत ब्लो-बायसाठी एक साधी नळी क्रॅंककेसमधून खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळाली की वारा तो वायू ओढून नेई. रस्त्याच्या मधोमध ऑइलचा काळा पट्टा दिसायचा तो हिच्यामुळे. गाडीतून निघणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलपैकी पाचवा ते चौथा हिस्सा केवळ या नळीतून जात होता.

लॉस एंजेलिस काउंटीचे एक सुपरवायझर होते, केनेथ हान. त्यांनी १९५३पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रांमागून पत्रं लिहिली. फोर्डकडून आलेल्या पहिल्या उत्तराचा आशय असा, की आमच्या इंजिनिअरांच्या मते हे वायू हवेत लगेच विरून जातात, प्रदूषणाचा प्रश्नच येत नाही.

गंमत बघा. उपाय शोधायचा नव्हताच! दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला धुळीतून आणि नदीनाल्यांतून जायचं असे, उघडी नळी चालणार नव्हती. म्हणून तिच्या इंजिनावर ब्लो-बाय मॅनिफोल्डमध्ये परत नेणारी झडप होती. आणि विलीजबरोबर त्या जीपा बनवत होती... फोर्ड. म्हणजे झडप घरात, आणि उत्तर असं.

१९५९च्या अखेरीला कंपन्यांनी मान्य केलं की क्रॅंककेसचा वायू हा मोठा स्रोत आहे. १९६१च्या मॉडेलपासून झडप आली, पण फक्त कॅलिफोर्नियात. उरलेल्या अमेरिकेला १९६३च्या मॉडेलची वाट पाहावी लागली. जानेवारी १९६९मध्ये सरकारने कंपन्यांवर खटला भरला. आरोप हा, की प्रदूषण रोखणारी साधनं लांबवायची असं त्यांनी संगनमताने ठरवलं, आणि ही झडप देशभर वर्षभर आधी देता येत असून दिली नाही. त्याच वर्षी तडजोड झाली. गुन्हा कुणी कबूल केला नाही, खटला चालला नाही. तोवर १९६८च्या मॉडेलपासून क्रॅंककेसचा वायू बाहेर सोडायला देशभर बंदी आली होती. आपल्याकडे भारत स्टेजच्या चाचण्यांतही ही अट आहे.

मी इंजिनिअर आहे, म्हणून मला ती 'इंजिनिअरांच्या मते' ही ओळ टोचते. त्यांना रसायन कळत नव्हतं असं नाही. नळीचं तोंड गाडीच्या बाहेर होतं, आणि बाहेर गेलं की आपला प्रश्न संपला, असा हिशेब होता. बंडूचाही तोच, आणि खरं सांगायचं तर विद्यार्थीदशेत माझ्याही गाडीवर वर्षभर असाच उघडा डबा होता. मिशिगनमध्ये गाड्यांची धूर-तपासणी होत नाही. केंद्रीय कायद्याने बंदी असली तरी विचारणार कोण?

असो. आम्ही डबा काढला आणि हिवाळ्यापुरत्या कंपनीच्या मूळ नळ्या परत लावल्या. पारदर्शक नळीत पाणी भरून ती यू आकारात डिपस्टिकच्या नळीला जोडली. आयडलिंगला पाणी इंजिनाकडे किंचित ओढलं गेलं, म्हणजे श्वास सुरळीत. उन्हाळ्यात डबा बसवायचाच तर गरम जागी, नळीला खोलगट झोळ न ठेवता, आणि त्यातून निघालेला वायू परत इंजिनातच.

डबा चुलीजवळ ठेवल्यावर विरघळला. पेट्रोलचा उग्र वास मारणारं कपभर तपकिरी पाणी निघालं. बंडू ते हातात धरून गराजच्या दारात उभा राहिला. समोर पांढराशुभ्र बर्फ.

"हे कुठे ओतू रे?" त्याने विचारलं.

शेवटी बाटलीत भरून ते आम्ही गावाच्या घातक कचरा केंद्रावर देऊन आलो.