शाईतले तूप

पुस्तकांबद्दल बोलताना माणसे हल्ली नाक फार वापरतात. “त्या यंत्रावर वाचायचं म्हणजे कसलं वाचन हो? नव्या पुस्तकाचा तो वास कुठाय त्यात?” असे विचारणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत आणि लोकलच्या प्रत्येक डब्यात असतातच. समोरचा तरुण हातातल्या पाटीवर बोटाने पान सरकवीत म्हणतो, “काका, यात हजार पुस्तकं आहेत.” काका विचारतात, “त्यातली वाचलीस किती?” तेवढ्यात तरुणाचे स्टेशन येते. तरुणांची स्टेशने नेमकी अशाच वेळी येतात.

हा वाद आपल्या काळात सुरू झाला, असे दोन्ही पक्षांना प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात हा दावा शतकानुशतके पडून आहे. फक्त वादी-प्रतिवादी बदलतात. लिहून ठेवायची सवय लागली की माणसांची स्मरणशक्ती जाईल, ही यातली फार जुनी तक्रार सॉक्रेटिसाच्या नावावर आहे. ती आपल्यापर्यंत पोचली, कारण प्लेटोने ती लिहून ठेवली. पुढे १४९२ साली जर्मनीतल्या ट्रिथेमियस नावाच्या मठाधिपतीने हाताने नकला करणाऱ्यांची थोरवी सांगणारा एक ग्रंथ लिहिला. चामड्यावर हाताने लिहिलेले हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले दोनशे वर्षे टिकले तरी खूप झाले, असा त्याचा हिशेब होता. एवढे सांगून झाल्यावर १४९४ साली त्याने तो ग्रंथ छापून घेतला.

आमच्याकडे हाताने लिहिण्याचे काम किती कष्टाचे होते, ते जुन्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर वाचायला मिळते. पोथी पुरी झाली की लेखनिक आपली कैफियत मांडी : पाठ मोडली, कंबर धरली, मान अवघडली, एवढ्या कष्टाने लिहिले आहे, तर जपा. पुढे सूचनाही असत. तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, बांधणी सैल होऊ देऊ नका आणि पोथी मूर्खाच्या हाती देऊ नका. वाचनाच्या साधनाबरोबर वापराच्या सूचना देण्याची पद्धत ही अशी जुनी आहे. आजच्या यंत्राबरोबर येणारी बारीक टायपातली घडीची पत्रिका मी वाचून पाहिली. पाण्याचा इशारा अजून आहे. मूर्खाचा मात्र काढून टाकलेला दिसतो. गिऱ्हाइकाला दुखवून धंदा होत नाही.

छपाई आमच्याकडे आली तीसुद्धा वाट चुकून. १५५६ साली पोर्तुगीजांचे एक मुद्रणयंत्र ॲबिसिनियाला जाण्यासाठी निघाले आणि गोव्यात उतरून तिथेच राहिले. गोव्यात येऊन पुढे जावेसे न वाटणे, ही परंपरा इतकी जुनी आहे. पण त्या यंत्राजवळ देवनागरी खिळे नव्हते, म्हणून फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन अक्षरांत छापावे लागले. मग पुष्कळ वर्षे गेली. १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण छापून निघाले, आणि त्याच साली इकडे मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापली गेली. युरोपात गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमारास तयार झाले होते. म्हणजे आपण साडेतीनशे वर्षे उशिरा पोचलो. आपल्याकडचे समारंभ पाहता यात नवल नाही.

खरी गंमत पुढे मुंबईत झाली. गणपत कृष्णाजी नावाच्या भंडारी समाजातल्या हुन्नरी गृहस्थांनी अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातले काम पाहून स्वतःचे शिळायंत्र उभे केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून विक्रीला काढले. छापील कागद पाहताच धर्मनिष्ठ मंडळींनी हात मागे घेतले. छापण्याच्या शाईत जनावराची चरबी असते. असला कागद सोवळ्यात शिवायचा कसा आणि देवापुढे ठेवायचा कसा? गणपत कृष्णाजींनी वाद घातला नाही. त्यांनी चरबीच्या जागी तूप घालून शाई केली, असे सांगतात. विटाळाचा प्रश्न तुपाने सुटला. धर्मसंकटे सोडवण्यात तुपाचा हात धरणारा दुसरा पदार्थ आपल्याकडे नाही.

म्हणजे आज ज्या वासावरून काकांचा जीव कासावीस होतो, त्या छापील कागदाला काकांच्या पणजोबांच्या पणजोबांनी नाक मुरडले होते. त्यांनाही जुन्या पोथीचा वास आठवत असणार.

मला या इतिहासातली आवडती गोष्ट मात्र निराळी आहे. नवे साधन आले की ते आधी जुन्याचे कपडे घालून दारात उभे राहते. छापखाने आले, बांधीव पुस्तके करता येऊ लागली, तरी धार्मिक ग्रंथ पुढे कित्येक वर्षे आडव्या, सुट्या पानांच्या पोथीसारखेच छापले गेले. आडवा आकार हा मुळात ताडपत्राचा. पान ताडाचे राहिले नाही, अक्षर हाताचे राहिले नाही, पण आकार राहिला. सवय ही माणसाला जडलेली सर्वांत जुनी मुदत ठेव आहे, मोडवत नाही.

यंत्रांनीही हेच केले. १९७१ च्या ४ जुलैला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट या तरुणाने त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप करून ठेवला. ई-पुस्तकांच्या जन्मपत्रिकेत ही तारीख मांडतात. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल ३९९ डॉलरला बाजारात आले. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एवढी करामत कशासाठी, तर पडदा कागदासारखा दिसावा म्हणून! सुरुवातीला त्यावर पानांचे आकडे नव्हते, निराळेच ठिकाण-क्रमांक होते. लोकांना चैन पडेना. २०११ साली पानांचे आकडे परत आले. ॲपलने तर २०१० साली पडद्यावर चक्क लाकडी फळ्यांचे कपाट काढले आणि त्यात पुस्तके मांडली. त्या कपाटाला वाळवी लागण्याची सोय तेवढी राहून गेली. २०१३ साली ते कपाट काढून टाकले.

मराठीचे म्हणाल, तर किंडलवर मराठी पुस्तके २०१६ साली रीतसर मिळू लागली. छपाईच्या वेळी आपण साडेतीनशे वर्षे मागे होतो, या खेपेस नऊ. एवढ्या वेगाने सुधारत राहिलो, तर पुढल्या शोधाच्या वेळी आपण दोन दिवस आधीच जाऊन बसू.

आता नफ्या-तोट्याचा हिशेब मांडतो. आयुष्य हातात लाल-निळ्या पेन्सिली धरून गेलेल्या माणसाला तेवढा हक्क असावा. यंत्राच्या जमेच्या बाजूला भरघोस रकमा आहेत. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, या एका सोयीवर तो पुस्तकाचा वास ओवाळून टाकील. भाड्याच्या घरातून घर बदलताना पुस्तकांची खोकी उचलणारा हमाल “यात दगड भरलेत का?” असे विचारत नाही. डेट्रॉइटला किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मराठी माणसाला पुस्तकासाठी कुणाच्या बॅगेतल्या लोणच्याशेजारची जागा मागावी लागत नाही.

कागदाच्या जमेलाही काही आहे, आणि तो नुसता वास नव्हे. २०१८ साली काही संशोधकांनी ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून एक लाख सत्तर हजारांवर माणसे होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर अधिक नीट समजतो, विशेषतः घाईत वाचताना. गोष्टी-कथांत मात्र फरक दिसला नाही, असे त्यातून निघाले. तेव्हा साहेबांचे परिपत्रक कागदावर वाचावे आणि कादंबरी कशावरही वाचावी.

इथवर खाते जवळजवळ जुळते. जुळत नाही ती एकच नोंद, आणि त्या नोंदीला तुपाचा उतारा सापडत नाही.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या किंडल-वाचकांची दोन पुस्तके एकाएकी नाहीशी झाली. पैसे देऊन घेतलेली पुस्तके. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, असे ॲमेझॉनच्या लक्षात आले आणि त्यांनी ती दुरूनच वाचकांच्या यंत्रांतून पुसून टाकली. पैसे परत दिले, पुढे मालकांनी माफीही मागितली. पण शाळेसाठी वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याची टिपणे निराधार झाली : अमुक ठिकाणची ओळ पाहा, असे लिहिलेले, आणि ओळ जागेवर नाही. पुसलेल्या पुस्तकांपैकी एक होते ऑर्वेलचे ‘१९८४’, ज्यात सरकार नको असलेले कागद भिंतीतल्या भोकात टाकून जाळते. विनोदी लेखकाने हे कल्पनेने लिहिले असते, तर संपादकाने “फार ओढूनताणून आहे” म्हणून परत पाठवले असते. दहा वर्षांनी, २०१९ साली, मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, पुस्तके गेली.

याचे कारण करारातल्या बारीक अक्षरांत असते. ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण आपण दाबतो आणि बहुतेक वेळा मिळतो तो वाचण्याचा परवाना. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर लॉकर बँकेचा असला तरी आतला दागिना तुमचा असतो. इथे लॉकर तुमच्या हातात असतो आणि दागिना दुकानदाराचा. पाटीवर लिहिलेले पुसता येते हा पाटीचा गुण बिगारीतल्या पोरालाही ठाऊक असतो; पण पाटी माझ्या मांडीवर आणि ओला बोळा दुसऱ्याच्या हातात, हे शाळेतही चालत नव्हते.

कागदी पुस्तकाच्या पहिल्या पानावर माणूस आपले नाव घालतो, खाली तारीख घालतो. पुढे ते रद्दीत जाते, फुटपाथवर येते, कुणीतरी पाच रुपये कमी करून घेते आणि जुन्या नावाखाली आपले नाव लिहिते. मुंज-लग्नात ते भेट देता येते. वडिलांचे पुस्तक मुलाकडे येते, त्यात समासातल्या वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. यातले बहुतेक व्यवहार परवान्यावर होत नाहीत.

तेव्हा यंत्रावर जरूर वाचावे. मीही वाचतो, अक्षर मोठे करून. पण जे पुस्तक पुन्हा पुन्हा लागणार आहे, किंवा आपल्यामागे कुणाला तरी लागावे असे वाटते, ते कागदावर घेऊन ठेवावे. पुस्तक नेऊन परत न करणाऱ्या मित्रांबद्दल आपण जन्मभर कुरकुर करतो. त्या मित्रांचे खरे तर आभार मानायला हवेत. त्यांना ते ढापता आले, म्हणजे ते नक्की आपले होते.