जागल्याच्या काठीपासून एकशे बारापर्यंत

पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला विदर्भात आजही 'ठाणेदार' म्हणतात. मेहकर तालुक्यातल्या डोणगावच्या ठाण्यात हे पद कागदोपत्री सहायक पोलीस निरीक्षकाचे आहे. वर्तमानपत्रातील बातमी असो की गणेशोत्सवाच्या शांतता समितीची बैठक, उल्लेख मात्र ठाणेदार असाच होतो. शब्द जुना आहे, आज ज्या कायद्यांवर ठाणे चालते त्या सगळ्यांहून जुना. डोणगाव मेहकर-मालेगाव रस्त्यावर वसलेले आहे आणि थोडे पुढे गेले की वाशीम जिल्हा लागतो. त्यामुळे 'हद्द कोणाची?' हा पोलीस कारभारातला सर्वांत जुना प्रश्न इथे नेहमीचाच. महाराष्ट्राच्या पोलीस दलाची वाटचाल याच प्रश्नाच्या अंगाने पाहिली, तर ती नीट उलगडत जाते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. भारतात 'राष्ट्रीय पोलीस' नावाचे एकच दल नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, सीबीआय, एनआयए या केंद्राच्या संस्था. पण चोरी झाली, भांडण झाले, अपघात झाला की माणूस जातो तो राज्याच्या ठाण्यात. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांची निवड केंद्र करते आणि ते काम राज्यात करतात. दिल्ली आणि डोणगाव यांना जोडणारा दुवा हाच.

वऱ्हाडात इंग्रजी अंमल १८५३ च्या तहाने आला. निजामाकडून हा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला, मालकी मात्र निजामाचीच राहिली. त्याआधीपासून गावचा बंदोबस्त पाटील आणि जागल्या पाहत. रात्री काठी आपटत फिरणे, परका माणूस गावात उतरला तर पाटलाला कळवणे आणि चोरी झाली तर माग काढणे ही जागल्याची कामे. मागाचा रिवाज मोठा कडक होता. पावलांचे ठसे शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचे. तिथून तो माग पुढे नेणार. ज्या गावाच्या शिवारात माग हरवला, त्या गावाने भरपाईची जबाबदारी घ्यायची. अन्यायाला या रिवाजात जागा होतीच, कारण निष्पाप गावावरही भुर्दंड पडे. पण एक गोष्ट पक्की होती. 'आमच्या हद्दीत नाही' असे म्हणून हात झटकता येत नसत, माग पुढे काढून द्यावाच लागे. ही राखण बलुत्याच्या व्यवस्थेत बहुतेक ठिकाणी महार समाजाकडे होती. मोबदला तुटपुंजा, सन्मान त्याहून कमी. आजच्या पोलीस दलाच्या इतिहासाचे पहिले पान या लोकांच्या नावाने लिहिले पाहिजे. ते फारसे लिहिले जात नाही.

१८५७ नंतर इंग्रजांनी पोलीस व्यवस्थेची फेरमांडणी केली. १८६० चा पोलीस आयोग आणि त्यामागून आलेला १८६१ चा पाचवा कायदा हा तिचा पाया. त्यापूर्वी १८४३ नंतर सिंधमध्ये चार्ल्स नेपियरने आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर दल उभारले होते, त्याचा नमुना समोर होता. सैन्यापासून वेगळे, गणवेशातले, शिस्तीचे आणि सरकारला उत्तरदायी दल. जिल्ह्याला एक अधीक्षक, प्रांताला एक महानिरीक्षक. ही रचना आजही मुळात तीच आहे. त्यातली ग्यानबाची मेख अशी की आयरिश नमुना रयतेला ताब्यात ठेवण्यासाठी घडवलेला होता, रयतेच्या सेवेसाठी नव्हे. पुढच्या शंभर वर्षांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे सापडते.

मुंबई इलाख्याने आपली वाट वेगळी ठेवली. १८६४ मध्ये फ्रँक साउटर मुंबई शहराचे पोलीस आयुक्त झाले, १८६७ मध्ये ग्रामपोलिसांचा कायदा झाला आणि १८९० मध्ये जिल्हा पोलीस कायदा आला. वऱ्हाड मात्र या कक्षेबाहेर होता. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडून नागपुराहून चालू लागला. म्हणून मेहकर, डोणगाव, चिखली या भागाचा पोलीस वारसा पुण्या-मुंबईपेक्षा नागपूर-सागरशी अधिक जवळचा. 'मोहरर' (दफ्तर सांभाळणारा), 'पैरवी' (न्यायालयातला पाठपुरावा), 'ठाणेदार' हे शब्द त्याच वाटेने आले आणि इथेच रुजले.

त्याच सुमारास, १९०२-०३ मध्ये, अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने देशभरातील पोलिसांची झडती घेतली. दल अकार्यक्षम आहे, लाचखोर आहे आणि लोकांना जाचक वाटते, हा त्याचा निष्कर्ष. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने इतके स्पष्ट लिहावे याचे आजही नवल वाटते. त्यातून गुन्हे अन्वेषण विभाग, फौजदारांची थेट भरती आणि प्रशिक्षणशाळा आल्या. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. मध्य प्रांताची शाळा सागरला होती.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात खाकी गणवेशाची कसोटी लागली आणि ती कडवट होती. १९३० मध्ये बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींना पकडणारा शिपाईही आसपासच्याच गावातला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे लोक पोलिसांवर तुटून पडले. सत्याग्रहींचे बळी गेले, पोलीसही मारले गेले. दलाच्या इतिहासातून ही पाने वगळता येत नाहीत, आणि वगळूही नयेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. तीन वेगवेगळ्या कारभारांत वाढलेली दले एकत्र आली: मुंबई इलाख्याचे, मध्य प्रांत-वऱ्हाडचे आणि निजामी मराठवाड्याचे. नियमावल्या निरनिराळ्या, दफ्तराच्या पद्धती निरनिराळ्या, ज्येष्ठतेच्या याद्याही निरनिराळ्या. हे जुळवण्यात वर्षे गेली. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा हळूहळू सर्व राज्याला लागू झाला. त्याचे नाव 'महाराष्ट्र पोलीस कायदा' व्हायला २०१२ उजाडले. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दलाला ध्वज मिळाला. पंचकोनी तारा, अभय देणारा हात आणि 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गावोगावच्या ठाण्यांत साजरा होणारा 'रेझिंग डे' सप्ताह या दिवसाचा. तेव्हा शाळेची मुले रांगेने ठाण्यात येतात. बिनतारी संच, बेड्या, रायफल पाहतात आणि लॉकअपचे गज हाताने चाचपून बघतात.

गावपातळीवर १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने वंशपरंपरेने न येणारा पोलीस पाटील नेमला जाऊ लागला. हा बदल फार मोठा होता. घराण्याचा मान गेला आणि परीक्षा देऊन येणारे पद आले. पुढे स्त्रियाही या पदावर आल्या. रात्री-अपरात्री गावात काही घडले की बीट अंमलदाराला पहिला फोन पोलीस पाटलाचाच जातो. अनोळखी प्रेत विहिरीत सापडले तर पंचनाम्यापर्यंत तिथे राखण करणाराही तोच. मानधन वर्षानुवर्षे कमी होते. २०२४ मध्ये ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. १९४६ मध्ये मुंबईत मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले होमगार्डही या कामातले भागीदार. मेहकर तालुक्यातल्याच हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला ट्रॅक्टरमधून पुरी-भाजीचा प्रसाद वाटला जातो आणि माणसांच्या ओळी शेतात दूरवर जातात. तेव्हा त्या ओळींच्या कडेला उभा असलेला खाकीतला माणूस पुष्कळदा शेतीकाम सोडून आलेला होमगार्ड असतो.

दलाच्या अंतर्गत खळबळीचे वर्ष १९८२. वेतन, घरे, कामाचे तास आणि वरिष्ठांची वागणूक यांवरून मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले, ऑगस्टमध्ये दंगल झाली आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. योगायोग असा की दलाचे मुख्यालय त्याच वर्षी कुलाब्यातील सध्याच्या इमारतीत आले. १८७६ मध्ये खलाशांसाठी बांधलेली आणि नंतर विधिमंडळाची झालेली ही दगडी वास्तू. तिथल्या प्रशस्त जिन्यांना शिपायांच्या गळक्या चाळींचा प्रश्न कळायला वेळ लागला. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यात सुरू झाला तो २०१६ मध्ये. ग्रामीण ठाण्यात मात्र बंदोबस्त लागला की घड्याळाकडे कोणी पाहत नाही.

पुढचे टप्पे भराभर आले. १९९० मध्ये गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी सी-६० पथक उभे राहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी प्राण दिले. ओंबळे यांच्या हातात रायफल नव्हती, काठी होती. सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात बदल्यांतील राजकीय हस्तक्षेपाला आळा घालण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून आस्थापना मंडळे नेमली. २००७ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधावरची भांडणे ठाण्याऐवजी गावच्या समितीत मिटवण्याची सवय लागू लागली. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

आजची उतरंड अशी. डोणगावच्या ठाण्यावर मेहकरचे उपविभागीय पोलीस अधिकारी, त्यांच्यावर अपर अधीक्षक आणि बुलढाण्याचे पोलीस अधीक्षक, त्यांच्यावर अमरावती परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक आणि सर्वांत वर महासंचालक. ही वरची नावे शिपायाला पाठ असतात, पण त्याचा दिवस चालतो तो खालच्या रचनेवर. ठाणे अंमलदार टेबलाशी, मोहरर दफ्तराशी, बीट अंमलदार गावांत, पैरवीचा कर्मचारी मेहकरच्या न्यायालयात. ठाणे दैनंदिनीत कोण कधी आले, कोण कुठे गेले, हे वेळेसह लिहायचे. खाडाखोड चालत नाही. मुद्देमालाच्या खोलीत प्रत्येक वस्तूला गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी, आवारात निकालाची वाट पाहणाऱ्या गंजलेल्या दुचाक्या. या दलात येण्यासाठी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे बुलढाणा जिल्ह्यात कोणत्याही गावाबाहेर दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मग गोळाफेक आणि १०० मीटर. मैदान ५० गुणांचे, लेखी १०० चे. गावात कोणाचा मुलगा 'भरती झाला' म्हटले की कुठे, हे विचारावे लागत नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मेहकर-डोणगाव पट्ट्यातील कामाचे स्वरूप पालटले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. ती रात्र जिल्ह्यातील पोलिसांच्या स्मरणातून जाणे कठीण. या रस्त्यावर गावाची वेस दिसत नाही, म्हणून अपघाताची जागा सांगताना लोक 'चॅनल नंबर' सांगतात. फोन ११२ ला लागतो, नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि जवळच्या गाडीला निरोप मिळतो.

बसच्या त्या आगीनंतर बरोबर एक वर्षाने, १ जुलै २०२४ रोजी, नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, फिर्याद घेणे ठाण्याला बंधनकारक झाले. शून्य क्रमांकाने नोंद करायची आणि कागद संबंधित ठाण्याकडे धाडायचे. हद्दीवरून फिर्यादीला माघारी पाठवण्याची सोय कायद्याने काढून घेतली. झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाल्यामुळे अंमलदाराच्या एका हातात पंचनाम्याचा कागद आणि दुसऱ्या हातात मोबाइल आला. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, फसवणुकीचे ४२० होते ते ३१८. पण जुन्या तारखेचे गुन्हे जुन्याच कलमांनी चालतात. त्यामुळे मेहकरच्या न्यायालयात जाणाऱ्या गठ्ठ्यात सध्या दोन्ही प्रकारचे कागद असतात. गावात अजून कोणी कोणाला तीनशे अठरा म्हणत नाही, चारशेवीसच म्हणतात.