१९६७ : महिन्यांच्या क्रमाने ऐकलेले एक वर्ष

१/ पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १९६७ हे सुवर्णवर्ष मानले जाते. सर्वोत्तम अल्बमांची कोणतीही यादी उघडावी, या वर्षाची पाच-सहा नावे हमखास सापडतात. पण यादी गुणानुक्रमे लावलेली असते. त्या काळचा श्रोता दिनदर्शिकेच्या क्रमाने जगत होता. त्याच क्रमाने ते वर्ष पुन्हा ऐकले, तर चित्र बरेच निराळे दिसते.

२/ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिसच्या ‘द डोअर्स’ या गटाचा पहिला अल्बम आला. तो बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचायला उन्हाळा उजाडावा लागला. जानेवारीचे खरे मानकरी होते ‘द मंकीज’ : दूरचित्रवाणी मालिकेसाठी निवड चाचणीतून जमवलेले चार तरुण. ‘मोअर ऑफ द मंकीज’मधील वाद्ये बहुतांशी भाडोत्री वादकांनी वाजवली होती. अल्बम बाजारात आल्याचे खुद्द त्या चौघांनाच दौऱ्यावर असताना कळले! अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो १८ आठवडे अग्रस्थानी राहिला. त्याआधीचे १३ आठवडेही त्यांच्याच पहिल्या अल्बमचे. एकूण ३१ आठवडे सलग.

३/ फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘जेफरसन एअरप्लेन’चा ‘सर्रिअलिस्टिक पिलो’ आला, हे नोंदवून पुढे जावे. कारण मार्च महिना फार श्रीमंत आहे.

४/ मार्चमध्ये अरिथा फ्रँकलिनचा ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ प्रकाशित झाला. कोलंबिया कंपनीत अनेक वर्षे काढूनही तिच्या आवाजाला मोकळे रान मिळाले नव्हते. अटलांटिक कंपनीने तिला पियानोवर बसवले आणि चर्चमध्ये घडलेला तो आवाज बांध फुटावा तसा बाहेर आला. ‘रिस्पेक्ट’ हे मूळ ओटिस रेडिंगचे १९६५ चे गाणे. त्यात घरी परतणारा पुरुष मान मागतो. अरिथाने मागणारी व्यक्तीच बदलली, आणि गाण्याचा अर्थ उलटा झाला. जूनमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

५/ याच मार्चमध्ये ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ही आला. पुढील पिढ्यांवर प्रचंड प्रभाव पाडणारा हा अल्बम अमेरिकेच्या यादीत १७१ च्या वर चढला नाही. मागील वेष्टनावरील एका छायाचित्रावरून दाव्याची भीती निर्माण झाली आणि कंपनीने प्रती बाजारातून मागे घेतल्या. विक्री आधीच जेमतेम, त्यात हे विघ्न.

६/ मे महिन्यात जिमी हेंड्रिक्सचा ‘आर यू एक्सपिरिअन्स्ड’ आला, पण फक्त ब्रिटनमध्ये. अमेरिकेला तो ऑगस्टमध्ये, वेगळे वेष्टन आणि बदललेली गाणी घेऊन मिळाला. महिन्यांचा हिशेब मांडताना ‘कोणत्या देशातला महिना?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

७/ मग ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्‌स क्लब बँड’. ब्रिटनमध्ये मेअखेरीस दुकानांत, अमेरिकेत जूनच्या आरंभी. अवघ्या चार ट्रॅकच्या यंत्रांवर बीटल्सनी महिनोन्‌महिने खपून तो घडवला. जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’साठी लंडनमधील भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवला. वेष्टनावर त्यांपैकी एकाचेही नाव छापले गेले नाही. प्रसिद्ध व्यक्तींच्या गर्दीने भरलेले ते वेष्टन पाहताना ही उणीव अधिकच बोचते.

८/ १८ जून हा रविवार लक्षात ठेवण्याजोगा. कॅलिफोर्नियात माँटेरे महोत्सवात दुपारी पंडित रविशंकरांची मैफल रंगत होती. त्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने ‘सार्जंट पेपर’वर कठोर टीका केली : ध्वनिचमत्कारांखाली गाणी दबली आहेत. केवळ ‘अ डे इन द लाइफ’ची त्याने वाखाणणी केली. वाचकांची संतप्त पत्रे आली. निकाल चुकला असेल, पण आक्षेप पोकळ नव्हता; त्या अल्बममधील काही गाणी खरोखरच सजावटीवर तगली आहेत.

९/ अशा अल्बमांचे गंभीर परीक्षण करण्याची रीतच तेव्हा कोवळी होती. ‘क्रॉडॅडी’ हे नियतकालिक जेमतेम दीड वर्षाचे. ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक नोव्हेंबरमध्ये निघाला. वर्षातील बहुतेक थोर अल्बम तोवर येऊन गेले होते. त्यांचे आज पाठ झालेले मोठेपण बव्हंशी नंतर लिहिले गेले.

१०/ ऑगस्टमध्ये पिंक फ्लॉइडचे पदार्पण, नोव्हेंबरमध्ये ‘लव्ह’ या गटाचा ‘फॉरएव्हर चेंजेस’. १० डिसेंबरला विमान अपघातात ओटिस रेडिंगचा अंत झाला, वयाच्या २६ व्या वर्षी. महिनाअखेरीस बॉब डिलनचा ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ आला : मोजकी वाद्ये, साधी चाल, कसलाही झगमगाट नाही. वर्षभराच्या ध्वनिवैभवाकडे त्याने जणू पाठच फिरवली होती.

११/ आणि विक्रेत्यांचा हिशेब? ब्रिटनमध्ये त्या संपूर्ण वर्षात अग्रस्थानी केवळ चार अल्बम पोहोचले : ‘सार्जंट पेपर’, मंकीजचे दोन आणि १९६५ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटाची गाणी. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’च्या वार्षिक यादीत पहिला क्रमांक ‘मोअर ऑफ द मंकीज’चा होता.